पाइपाभोवतीची फट

१

दुसऱ्यांच्या घरांत लाकडी जमिनी घालण्यात मिस्त्रीचं अर्धं आयुष्य गेलं, आणि त्याच्या स्वतःच्या बैठकीच्या खोलीत, गरम पाण्याच्या पाइपाभोवती, बोट जाईल एवढी फट होती. ही फट त्याच्या बायकोच्या डोक्यात गेली होती. थंडीत त्यातून गार वारा यायचा. झाडताना अर्धा केर त्यात जायचा. शर्टाची बटणं, पेन्सिलीची टोकं, एकदा तर तिच्या कानातल्याची फिरकी त्यात गडप झाली होती. लोकांच्या घरी केसाएवढी फट राहिली तर अख्खी फळी उपटता, मग इथेच काय हात दुखतात का, असं ती विचारायची. त्यावर मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं होतं, की बघू रविवारी. असे किती रविवार आले आणि जेवून झोपून गेले.

कारण नुसता आळस नव्हता. खालच्या मजल्यावर मिस्त्रीची आई एकटी राहायची. तो पाइप तिच्या खोलीच्या कोपऱ्यातून निघून छतातून वर यायचा, आणि तिच्या छतातही पाइपाभोवती तशीच फट होती. ती बुजवायची गोष्ट निघाली की आई फुरंगटून बसायची. तिचं म्हणणं, त्या फटीतून तुमची जाग कळते, तेवढीही नको का मला.

आणि मग ते ठोके. संध्याकाळी मिस्त्री कामावरून आला, बूट काढून खुर्चीत टेकला, की पाइपावर दोन ठोके यायचे. म्हणजे आलास का, बरं आहे ना. मिस्त्री वाकून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दोन ठोके परत द्यायचा. म्हणजे आलो, बरं आहे. एवढ्यावर भागायला हवं होतं, पण खालून पुन्हा दोन ठोके यायचेच. आईला शेवटचा शब्द आपलाच लागतो, पाइपावरसुद्धा, असं तो बायकोला म्हणायचा.

कधी आई पाइपाशेजारी खुर्ची ओढून बसायची आणि वर तोंड करून विचारायची, जेवलास का रे, आज काम कुठे होतं. मिस्त्री त्यालाही दोन ठोक्यांनीच उत्तर द्यायचा. दिवसभर गुडघ्यांवर बसून घरमालकांच्या शंका ऐकल्यावर घरी येऊन पुन्हा जमिनीशी बोलायचं त्याच्या जिवावर यायचं.

२

त्या वर्षी थंडी फार पडली आणि आईचे गुडघे धरले. दादा, म्हणजे मिस्त्रीचा थोरला भाऊ, गाडी घेऊन आला आणि थंडी सरेपर्यंत म्हणून आईला आपल्याकडे घेऊन गेला. आई जाताना सगळ्यांवर चिडलेली होती. खिडक्या लावा, नळ गळतोय तो बघा, आणि माझ्या छताला हात लावाल तर बघा, असं बजावून ती गाडीत बसली. गाडी वळणाआड जाते न जाते तोच बायको म्हणाली की आता तरी ती फट बुजवा. आता कुठलंच निमित्त उरलं नव्हतं.

मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा आणला. अशी फट बुजवायची त्याची पद्धत साधी होती. लाकडाची गोल चकती कापायची, तिच्या मधोमध पाइपाच्या मापाचं भोक पाडायचं, मग चकती बरोबर मधून कापून दोन अर्ध्या करायच्या आणि पाइपाला दोन्ही बाजूंनी मिठी मारल्यासारख्या बसवायच्या. पाइपाला मात्र केसभर जागा सोडायची, कारण पाइप तापला की फुगतो.

तो तुकडा कोपऱ्यात ठेवून तो खुर्चीत टेकला. पाइपावर दोन ठोके आले. मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर उचलला, दोन ठोके परत दिले आणि बूट सरकवून पाय लांब केले.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या हातात ओलं फडकं होतं.

"कोणाला उत्तर देताय?" तिने विचारलं. "आई दादांकडे आहेत ना?"

मिस्त्री स्वतःवरच चिडला. सवय दुसरं काय, असं काहीतरी तो पुटपुटला. पाइप तडतडतो, थंडीत हे चालायचंच, असं त्याने तिला समजावलं. हे तो गिऱ्हाइकांना इतक्या वेळा सांगायचा की बोलताना विचारही करावा लागत नसे. ती फडकं पिळत आत गेली.

तो मात्र बसल्या जागी काहीतरी ऐकायचं राहिल्यासारखा बसून राहिला. बराच वेळ त्याला कळेना की काय राहिलंय. मग लक्षात आलं. शेवटचे दोन ठोके आले नव्हते.

३

दुसऱ्या दिवशीही ठोके आले. तो उशिरा आला तर ठोकेही उशिरा आले. आता पाइपाला त्याच्या येण्याजाण्याची वेळ कशी कळणार, हा प्रश्न त्याला पडला आणि पडल्याबद्दल त्याचं त्यालाच वैतागायला झालं. खाली कोणीतरी घुसलंय, हे एक. नळ दुरुस्त करणाऱ्याकडे आईची किल्ली राहिली असेल, हे दुसरं. उंदीर, हे तिसरं, पण दोनच ठोके देऊन गप्प बसणारा उंदीर त्याने कुठे पाहिला नव्हता.

म्हणून तो एका संध्याकाळी वर न जाता तडक आईच्या घरात शिरला. खोली बंद घरासारखीच होती, गार आणि साबणाच्या वासाची. पलंगावर चादर ताणलेली होती. पाइपाशेजारी आईची खुर्ची, आणि खिडकीच्या कट्ट्यावर तो जाड दांड्याचा चमचा, ज्याने ती पाइप वाजवायची. त्याने चमचा उचलून खिशात घातला. आता वाजव म्हणावं, असं मनाशी म्हणत तो खुर्चीत बसला, आणि आपण हे कोणाला म्हणतोय ते त्याला कळलं नाही.

थोड्या वेळाने पाइपावर दोन ठोके आले.

ते वरून आले. मिस्त्रीने मान वर केली. छतात पाइपाभोवती काळी फट होती, तिच्या कडेचा चुना थोडा उडालेला होता. वर बायको होती. तिला कंटाळा आला असणार आणि तिने गंमत केली असणार. गुडघे धरत, जिने चढत तो वर गेला आणि दारातूनच तिच्यावर डाफरला, की मी खाली एवढा शोध घेतोय आणि तू वाजवत काय बसलीस.

बायको पलीकडच्या कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मी कशाला वाजवू?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच खालून वाजवलंत."

दोघांनी पाइपाकडे पाहिलं. मग पाइप तापला की फुगतो आणि लाकडाला घासतो, हे मिस्त्रीने तिला पुन्हा एकदा सविस्तर सांगितलं. तिने ते पुन्हा एकदा ऐकून घेतलं. चमचा त्याच्या खिशातच होता.

४

आईचा फोन आला तो तक्रारींची भली मोठी यादी घेऊनच. दादाकडे सगळे आपापल्या खोल्यांत असतात. जेवायला हाक मारतात आणि जेवून उठतात. पलंग मऊ आहे. मिस्त्री हूं हूं करत होता आणि एका हाताने लाकडाच्या तुकड्यावर पेन्सिलीने गोल काढत होता.

"संध्याकाळ झाली की कान आपोआप तुझ्या ठोक्यांकडे लागतात," आई म्हणाली.

"माझ्या कुठे? तुझ्या. तू आधी वाजवतेस."

"मी? काहीतरीच. तू आलास की आधी तूच वाजवतोस की." आई हसली. "आणि धीर म्हणून नाही तुला. मी चमचा हातात घेतेय तोवर परत वाजवतोस. मग मी देते उत्तर."

मिस्त्रीची पेन्सिल थांबली.

"का रे? गप्प का?"

काही नाही, असं म्हणून त्याने फोन ठेवला. मग तो त्या अर्धवट गोलाकडे बघत बसला. पहिले दोन ठोके आईचे, असं तो समजत होता. आईला ते त्याचे वाटत होते. त्याने उत्तर दिलं की आई म्हणायची पोराला धीर नाही, आणि तिने उत्तर दिलं की तो म्हणायचा हिला शेवटचा शब्द लागतो. इतकी वर्षं दोघंही नुसती उत्तरं देत होती. आधी कोणीच वाजवत नव्हतं.

त्याला भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला. घरात शांतपणे बसायची सोय राहिली नाही, या गोष्टीचा राग. त्याने पेन्सिल उचलून गोल पुरा केला.

५

चकती त्याने त्याच संध्याकाळी कापली. बायको भुसा उडतो म्हणून कुरकुरली नाही, यावरून तिलाही कळलं होतं असं म्हणायचं. ठोके आले तेव्हा तो फटीजवळच गुडघ्यांवर बसलेला होता. त्याने उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने ठोके पुन्हा आले, जरा हळू. दारावर कोणी ओळखीचं माणूस वाजवतं आणि आत झोपलेत की काय असं वाटून हलक्या हाताने पुन्हा वाजवतं, तसे.

फट बुजवण्याआधी तिच्यात आत कापसासारखी लोकर कोंबायची असते, म्हणजे वारा अडतो. वरची फळी आणि खालचं छत यांच्यात वीतभर पोकळी असेल, यापेक्षा जास्त नाही. हे माप त्याला झोपेतही सांगता आलं असतं. तो स्क्रू ड्रायव्हरने लोकर आत ढकलत राहिला आणि लोकर जात राहिली. भेंडोळं निम्मं संपलं. मग सगळं संपलं. एवढ्या लोकरीत एक उशी भरली असती. त्याने चिडून हाताशी असलेली फडकीही कोंबली, तीही गेली. खाली आईच्या खोलीत पडली असतील म्हणून तो बघून आला. तिथे जमिनीवर थोडासा भुसा होता, बाकी काही नाही.

वर येऊन त्याने फटीवर तळहात धरला. नेहमी तिथून गार वारा यायचा. आता वारा कोमट होता, आणि सलग नव्हता. येत होता, थांबत होता, येत होता.

पाइप तापलाय, मिस्त्री मोठ्याने म्हणाला.

मग त्याने एक गोष्ट केली जी त्याने दुसऱ्याच्या घरात कधीच केली नसती. पाइपाला केसभर जागा सोडली नाही. दोन्ही अर्ध्या चकत्या पाइपाला घट्ट भिडवल्या, डिंक ओतला, वरून खिळे मारले आणि काचकागदाने घासून जमीन अशी सपाट केली की बोटालाही सांधा लागेना. बायकोने पायाने चाचपून पाहिलं. इतक्या वर्षांनी ती फट गेली, तर तिने बरं झालं एवढंच म्हटलं.

दुसऱ्या संध्याकाळी ठोके आले नाहीत. तिसऱ्याही नाहीत. खोली उबदार झाली. मिस्त्री खुर्चीत पाय लांब करून बसायला लागला, आणि झालं ते सगळं जुन्या पाइपांचं दुखणं होतं असं त्याला जवळजवळ पटलं.

६

थंडी सरायच्या आतच आई परत आली. दादाशी तिचं पटलं नव्हतं. मऊ पलंगाने पाठ धरली होती आणि तिला बोलायला कोणी नव्हतं. मिस्त्रीने तिला वरच राहायला सांगितलं, आग्रह केला, मग भांडलासुद्धा. पण आपलं अंथरूण आणि आपला गळका नळ सोडून ती कुठे राहणार. गवंडी आणून तिच्या छतातलं भोक बुजवतो, असं तो म्हणाला, तर तिने जेवणाचं ताट दूर सारलं. त्या भोकाला हात लावायचा नाही, असं तिने निक्षून सांगितलं.

वरची फट बुजवल्याचं त्याने तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिचा दिवसभर रडवेला चेहरा बघावा लागला असता. त्यापेक्षा रोज संध्याकाळी आपणच खाली जाऊन बसावं, चार गोष्टी बोलाव्यात, म्हणजे तिला ठोक्यांची आठवणही राहणार नाही, असं त्याने ठरवलं. चमचाही त्याने तिला परत नेऊन दिला.

काही दिवस तो खरंच गेला. आईच्या खुर्चीसमोर स्टुलावर बसला, गुडघ्यांबद्दल विचारलं, नळ आवळून दिला. मग एका मोठ्या सभागृहाची जमीन घालायचं काम आलं. मालक रोज नवा नमुना दाखवायचा आणि रोज घातलेली ओळ उचलायला लावायचा. मिस्त्री घरी यायचा तो चिपाड होऊन. उद्या जातो खाली, असं तो बायकोला म्हणायचा. बायकोच डबा घेऊन खाली जायची आणि डबा रिकामा करून आणायची.

आईची एकही तक्रार वर येत नव्हती. हे नवलच होतं, पण मिस्त्रीला त्यात खोल शिरायचं कारण नव्हतं. दोन वेळा जिन्यात भेटली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला दिसला. दादाकडची हवा मानवली असेल, असं तो समजला.

७

त्या संध्याकाळी उजेड अजून होता. मिस्त्री बूट काढत होता तेव्हा बायको रिकामा डबा घेऊन वर आली. तिने डबा ठेवला आणि त्याच्याकडे जरा रागाने, जरा कौतुकाने पाहिलं.

"आई खूश आहेत हल्ली," ती म्हणाली. "म्हणाल्या, आता कसा माणसासारखा बोलतो माझ्याशी. आधी नुसता ठोकत बसायचा."

"कोण?"

"तुम्ही. फटीतून." ती डब्याचं झाकण उघडत होती. "पण काहीही काय सांगता त्यांना? म्हणे खुर्चीवर उभी राहा, कान वर आण, म्हणजे नीट ऐकू येईल. ते गुडघे घेऊन खुर्चीवर चढायचं? मी बजावून आलेय, मी येऊन धरल्याशिवाय चढायचं नाही म्हणून."

मिस्त्री जमिनीकडे बघत होता. बायकोची नजर त्याच्या नजरेमागून गेली. पाइपाभोवतीची चकती त्याने बसवली होती तशीच होती, सपाट, सांधा न दिसणारी. तिच्या हातातलं झाकण खाली पडलं.

"खाली जा," मिस्त्री म्हणाला. "पळ."

ती चपला फटफटत जिन्याकडे धावली. त्याच्या गुडघ्यांना ते जमणारं नव्हतं, आणि आईला हाक ऐकू जायला हवी होती. त्याने पटाशी आणि हातोडी ओढली आणि चकतीवर घाव घातला. स्वतःच्या हाताने इतकी घट्ट बसवलेली वस्तू फोडताना त्याला स्वतःच्या कामाचा आयुष्यात पहिल्यांदा संताप आला. पहिल्या घावाला नुसता खवला उडाला. दुसऱ्याला चीर गेली. मग अर्धी चकती तुकडे होऊन निघाली आणि भोक उघडं पडलं. आत लोकर नव्हती, फडकी नव्हती. अंधार होता आणि कोमट वारा.

त्या अंधारातून आवाज आला. आईचा नाही. आईचा खूप खालून येत होता, ती हसत काहीतरी सांगत होती. हा आवाज जवळ होता, फळीच्या अगदी खाली, आणि तो मिस्त्रीचा होता. त्याला स्वतःचा आवाज ओळखायला वेळ लागला, कारण त्यात वैताग अजिबात नव्हता.

"हो का? मग? मग काय म्हणाला दादा?" आवाज विचारत होता. "थांब, नीट ऐकू येत नाही. खुर्ची घेतलीस का?"

भोकाच्या कडेला पडलेला भुसा त्या प्रत्येक शब्दाबरोबर थोडा थोडा वर उडत होता.

खाली खुर्ची जमिनीवरून घासत गेली. मिस्त्रीने भोकाला तोंड लावलं आणि जिवाच्या आकांताने ओरडला.

"आई! चढू नकोस! मी वर आहे, तो मी नाही! चढू नकोस!"

खाली खुर्ची घासायची थांबली. मग आईचा आवाज आला, दुखावलेला.

"आता परत खेकसायला लागलास? इतके दिवस किती छान बोलत होतास."

मिस्त्रीने पुन्हा तोंड उघडलं, पण त्याच्या ओठांखालच्या अंधारातून त्याच्याआधीच उत्तर गेलं, सावकाश आणि मायेने.

"नाही गं खेकसत. चुकलं माझं. ये, वर ये."

मजलाभरच्या त्या जिन्यात बायकोच्या चपला अजून वाजतच होत्या. खाली खुर्ची कुरकुरली, आधी एका पायाखाली, मग दुसऱ्या.